आणेवारीचा हिशेब

खेडा जिल्ह्यातील शेतकरी १९१८ साली सरकारशी भांडले ते शेतसाऱ्यावरून, हे आपण सर्वांनी शाळेत वाचले आहे. पण त्या भांडणाचे मूळ एका आकड्यात होते. मुंबई इलाख्याच्या त्या वेळच्या नियमाप्रमाणे पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले, तर त्या वर्षाची वसुली तहकूब व्हावयाची. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांच्या आत आहे. अधिकारी म्हणत, वर आहे. हा आकडा मुळात किती चुकू शकतो, हे मोजण्याची रीत मात्र महसूल खात्यात नव्हती.

आपला ठाणे जिल्हाही त्याच इलाख्यातला. १९५७ साली दशमान नाणी आली, आणे गेले आणि कागदावर पैसेवारी आली. रेघ आता पन्नास पैशांवर आहे. कसाऱ्याच्या बाजारात माणसे अजून आणेवारीच म्हणतात. नजरेने पीक जोखणाऱ्याची इथे मोठी पंचाईत होते. ओढ्याकाठच्या खाचरात भात गुडघ्यावर असतो आणि घाटाच्या उतारावर, वरकस जमिनीत, नागली दगडांतून डोके काढीत असते. सडकेवरून जे दिसते तेवढेच पाहिले, तर गावचे पीक नव्हे, सडकेचे पीक मोजले जाते.

ही अडचण पुरी ओळखणारा माणूस सातारा जिल्ह्यातील बुध गावचा. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला गेले, संख्याशास्त्र शिकून परतले आणि १९४० साली कृषिसंशोधन परिषदेत आले. शेते चिठ्ठ्या टाकून निवडावीत, ठरीव मापाचा तुकडा आखावा, तो कापून, झोडून दाणा तोलावा, अशा पाहण्या त्यांनी देशभर उभ्या केल्या. विनायक गोविंद पानसे यांच्यासह लिहिलेले त्यांचे पुस्तक १९५४ साली निघाले आणि शेतीसंशोधकांच्या पिढ्या त्यावर शिकल्या.

त्यातील मुख्य हिशेब अंकगणिताचा आहे, भिण्याचे कारण नाही. समजा, तीन गावे घेतली, प्रत्येकी चार तुकडे, सारख्या मापाचे. पहिल्या गावी भात निघाले ८, ९, ११, १२ किलो. दुसऱ्या गावी ९, १०, १२, १३. तिसऱ्या गावी १३, १३, १७, १७. सरासऱ्या १०, ११ आणि १५. सर्वांची मिळून १२. म्हणजे पहिले गाव दोनाने खाली, दुसरे एकाने खाली, तिसरे तिनाने वर. यालाच गटाचा परिणाम म्हणतात. तिन्हींची बेरीज शून्य येते, ती यावीच लागते. दुसरी तीन गावे घेतली असती तर त्याच गावचा परिणाम वेगळा दिसला असता, हेही ध्यानात असावे.

आता पहिले गाव दुसऱ्याहून गरीब ठरले काय? त्यासाठी एकाच गावातले तुकडे आपसांत किती भांडतात ते पाहावयाचे. प्रत्येक तुकडा आपल्या गावच्या सरासरीपासून किती दूर, त्याचा वर्ग करून सारे मिळवले तर ३६ होतात. बारा तुकड्यांतून तीन सरासऱ्या काढण्यात तीन गेले, उरले नऊ. छत्तीसला नवाने भागले की चार. हे गावातल्या गावातले प्रचरण. चार तुकड्यांच्या सरासरीची प्रमाण-त्रुटी याच्या चौथ्या हिश्श्याचे वर्गमूळ, म्हणजे एक किलो. दोन गावांमधील फरकाची सुमारे १.४ किलो. तुकडे थोडे असल्याने ही त्रुटी २.२६ पटीने धरावी लागते. म्हणजे सव्वातीन किलोंच्या आतला फरक नुसत्या तुकड्यांच्या उन्नीस-बीसानेही सहज पडू शकतो. पहिल्या दोन गावांत फरक एका किलोचा. त्यावरून एकाचा सारा माफ आणि दुसऱ्याचा वसूल, हा न्याय नव्हे. ती दोन्ही गावे सारखीच आहेत, असेही मात्र यातून सिद्ध होत नाही. तिसरे गाव खरोखर वरचढ, असे म्हणता येते.

प्रचरण ही संज्ञा इंग्लंडच्या रोनाल्ड फिशर यांनी १९१८ सालीच, खेड्याच्या त्याच वर्षी, एका निबंधात रूढ केली आणि रोथॅमस्टेडच्या शेतांवर तिचे शास्त्र बनवले. मला ते शिकावे लागले कारखान्यामुळे. एका गिरणीत दोन पाळ्यांच्या सरासरीतील थोड्याशा फरकावरून रात्रपाळीला आळशी ठरवले होते. मी रोजचे आकडे मागितले. रात्रपाळीचेच दोन दिवस आपसांत त्याहून दूर होते.

एवढे करूनही एक चूक या हिशेबात पकडली जात नाही. मुरादाबाद जिल्ह्यातील गव्हावर सुखात्म्यांनी पडताळा पाहिला आणि १९४६ साली प्रसिद्ध केला: अगदी लहान तुकडे कापले की उत्पन्न वाजवीपेक्षा जास्त येते. कडेवरची लोंबी आत की बाहेर, अशी शंका आली की कापणारा ती आत घेतो, आणि लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानाने कड जास्त. असे शंभर तुकडे कापले तरी प्रमाण-त्रुटी घटेल, सरासरी मात्र फुगलेलीच राहील. प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते, आणि तो वाद बरीच वर्षे चालला. परिषदेच्या पाहण्यांत तुकडे मोठेच राहिले.