पानथरीची वाट

सौंसर-पांढुर्ण्याच्या म्हाताऱ्या माणसांच्या पोटावरचे डाग मी चाळीस वर्षं पाहतो आहे. डाव्या बरगडीखाली सुरू होतात, तिरपे बेंबीकडे उतरतात. कवडीएवढे, गुळगुळीत. "डागदरसाहेब, पानथरी वाढली होती मले. मायनं हात धरले अन् तापल्या सळईनं डाग देल्ला," हे सांगताना एका आजींचा हात आपसूक त्याच रेषेवरून फिरला.

पानथरी म्हणजे प्लीहा. हिवतापात ती फुगते, पण सरळ खाली उतरत नाही. मोठ्या आतड्याच्या डाव्या वळणापासून श्वासपटलापर्यंत, दहाव्या-अकराव्या बरगडीसमोर, पोटाच्या आतल्या आवरणाची एक घडी ताणलेली असते : फ्रेनिकोकॉलिक लिगामेंट. प्लीहेचं खालचं टोक तिच्यावर टेकतं. खालची वाट अडल्यामुळे वाढती प्लीहा उजव्या जांघेकडे तिरपी सरकते. म्हणून आम्ही पोट चाचपायला सुरुवात उजव्या बाजूनं, खालून करतो. वरून केली तर फार वाढलेली प्लीहा तळहाताखालीच राहते आणि तिचा काठ सापडत नाही. डाग देणाऱ्यांनी चिरलेलं प्रेत कधी पाहिलं नसेल. त्यांचा इलाज क्रूर होता, त्यानं ताप हटत नव्हता. तरी त्यांच्या बोटांना ही वाट ठाऊक होती, याचं मला फार नवल वाटतं.

इंग्रज सरकारनंही हिवताप किती आहे हे पाहायला पानथरीच मोजली. 1847 च्या अहवालासाठी डॉक्टर डेम्पस्टर यांनी उत्तरेतल्या कालव्यांकाठची गावं अशीच पोटं चाचपून तपासली. रॉसना डासात हिवतापाचे जंतू दिसले ते पन्नास वर्षांनी, 1897 मध्ये. फुगलेली प्लीहा एका लाथेनं फुटते, हे मात्र साहेबांच्या बचावाला उपयोगी पडलं. आग्र्याच्या फुलर नावाच्या इंग्रज वकिलानं मारलेला मोतद्दार प्लीहा फुटून मेला. दंड झाला 30 रुपये. 1876 मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी त्या निकालावर जाहीर ठपका ठेवला. तो आकडा वाचताना आजही माझा हात थांबतो.

1953 पासून हिवतापाच्या डासांवर देशभर डीडीटीची फवारणी सुरू झाली. डाग असलेली माणसं आता फक्त म्हातारी उरली आहेत.

पानथरीची ती वाट मला मात्र अजून लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते, दोन्ही काठांवरून एकमेकांवर गोटे फेकतात. डाव्या कुशीत गोटा लागलेला पोरगा चालत येतो, "काही नाही झालं" म्हणतो. प्लीहेतून झिरपणारं रक्त काही वेळ त्या फ्रेनिकोकॉलिक घडीच्या वरच अडतं, खालचं पोट मऊ लागतं. पण ते श्वासपटलाला डिवचतं, आणि ते दुखणं खांद्यात उमटतं. मी त्याला आडवं निजवतो आणि आधी विचारतो : डावा खांदा दुखतो का रे?