देवळांतील संगीत-नाटकें व त्यांच्या ध्वनिमुद्रिका

युरोपांतील मठांत व महामंदिरांत आठशें-नऊशें वर्षांपूर्वीं लॅटिन भाषेंत संगीत-नाटकें होत असत, हें आमच्या पुष्कळ बांधवांस ठाऊक नसेल. फ्रान्सांतील बोव्हे नगराच्या महामंदिरांत तेराव्या शतकांत झालेलें 'दानीएलाचें नाटक' हें त्यांतील एक रत्न होय. बोव्हेच्या तरुणांनीं आपणच तें रचल्याचें आरंभीं गाऊन सांगितलें आहे. बेलशस्सराची मेजवानी, भिंतीवरील लेख, सिंहांची गुहा हे प्रसंग झाल्यावर शेवटीं ख्रिस्तजन्माची वार्ता येते व 'ते देउम' सुरू होतें. अर्थात् हा खेळ उपासनेबाहेरचा नव्हे. तिच्यांतच तो मिळून जात असे.

त्याचें हस्तलिखित आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे. त्यांत स्वर आहेत, परंतु ताल नाहीं. दारयावेश राजाच्या प्रवेशीं तंतुवादक येतात, अशा मोजक्या सूचना सोडल्यास वाद्यांविषयीं तें मुकेंच आहे. म्हणून ध्वनिमुद्रिका काढणाऱ्यास पुष्कळसें आपल्या अंदाजानेंच भरावें लागतें. १९५८ सालीं नोआ ग्रीनबर्ग यांच्या 'न्यू यॉर्क प्रो म्युझिका' या मंडळीनें हें नाटक तेथील 'क्लॉइस्टर्स' संग्रहालयांत केलें. कवि ऑडन यांनीं त्यास इंग्रजी पद्य-निवेदन लिहून दिलें, आणि लवकरच त्याची ध्वनिमुद्रिकाही निघाली. तींत घंटांची व तालवाद्यांची रेलचेल आहे. ऐकतांना राजसभेचा थाट पुरेपूर कळतो. प्रार्थना मात्र मागें पडते, असें आम्हांस वाटतें. तथापि ग्रीनबर्ग यांस दोष देणें आम्हांस रुचत नाहीं. त्यांनीं हें धाडस केलें नसतें, तर ही स्वरलिपि आणखी कित्येक वर्षें विद्वानांच्या मेजावरच पडून राहिली असती.

याहून जुनें नाटक ऱ्हाइनकांठच्या मठाधिकारिणी संत हिल्डेगार्ड (१०९८–११७९) यांचें. सुमारें ११५१ सालच्या या 'ओर्दो विर्तुतुम' नाटकांत एका आत्म्यासाठीं सद्गुण व सैतान झगडतात. (२०१२ सालीं पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं हिल्डेगार्ड यांस ख्रिस्तसभेच्या आचार्या म्हणून गौरविलें.) सद्गुण गातात, आत्मा गातो, सैतान तेवढा गात नाहीं. त्याच्या शब्दांवर स्वरलिपिच नाहीं. १९८२ सालीं 'सेक्वेन्शिया' मंडळीनें या नाटकाचें ध्वनिमुद्रण केलें. ध्वनिमुद्रिकेंत ना पोशाख, ना रंगभूमि. परंतु सद्गुणांचे स्वर चढत असतां मध्येंच ती बेसूर आरोळी आली कीं, लॅटिन न जाणणाऱ्या श्रोत्यासही शत्रु कोण तें कळतें. येथें मात्र मंडळीस अंदाज करावा लागला नाहीं. तो निर्णय हिल्डेगार्ड यांचाच.