ह्यूई लाँग : दर ठरविणाऱ्या एका अधिकाऱ्याची राजकीय कारकीर्द

युद्धें, तह आणि राज्यक्रांत्या यांच्या वर्णनांनीं इतिहासाचीं पानें भरलेलीं असतात. टेलिफोनचें भाडें किती असावें, आगगाडीनें माल नेण्याचा दर काय असावा, असल्या रुक्ष प्रश्नांस त्यांत क्वचितच जागा मिळते. परंतु सामान्य कुटुंबाच्या जमाखर्चाशीं ज्याचा रोजचा संबंध येतो, तें राजकारण बहुधा याच प्रश्नांत असतें. आणि ज्यास हें वेळींच उमगलें, असा पुरुष कधीं कधीं थोड्या वर्षांत सत्तेच्या शिखरावर जाऊन बसतो. अमेरिकेच्या दक्षिणेंतील लुईझियाना संस्थानाचा ह्यूई लाँग हा अशा पुरुषांपैकीं एक होय.

ज्या धंद्यांत एकाच रस्त्यानें दोन रूळ, दोन तारा किंवा दोन नळ घालणें परवडत नाहीं, तेथें गिऱ्हाइकास दुसरें दुकान उरत नाहीं. कंपनी मागेल तो दर द्यावा, नाहीं तर त्या सोयीवांचून राहावें, अशी त्याची स्थिति होते. अमेरिकेंतील शेतकरी १९ व्या शतकांत रेल्वे कंपन्यांच्या मनमानीनें गांजले, तेव्हां अनेक संस्थानांनीं दरांवर देखरेख करणारीं मंडळें स्थापिलीं. लुईझियानांत १८९८ च्या राज्यघटनेनें असें रेल्वे कमिशन निर्माण झालें. आपल्याकडे वीजदर ठरविणाऱ्या आयोगाचे सभासद सरकार नेमतें; लुईझियानांतील मंडळाचे तीन सभासद मात्र प्रत्यक्ष लोकांनीं निवडावयाचे होते. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व कथा त्यावरच उभी आहे.

लाँगचा जन्म ३० ऑगस्ट १८९३ रोजीं विनफील्ड या गांवीं झाला. तो प्रांत पाइनच्या जंगलांचा व निकृष्ट जमिनीचा. बड्या मळेवाल्यांविषयीं तेथील लोकांस पूर्वीपासूनच तिटकारा. लाँगचें घर खाऊनपिऊन सुखी होतें, तरी पुढें त्यानें आपल्या गरिबीच्या कथा बऱ्याच फुगवून सांगितल्या. कांहीं वर्षें तो गांवोगांव फिरून स्वयंपाकाची चरबी विकीत असे. त्या फिरतींत शेतकऱ्यांशीं बोलावें कसें, हें तो शिकला. मग वर्षभर कायद्याचा अभ्यास करून १९१५ सालीं तो वकील झाला. राजकारणांत शिरण्याची त्यास घाई होती, पण बहुतेक अधिकारपदांना वयाची अट होती. रेल्वे कमिशनच्या जागेस ती नाहीं, हें त्यानें हेरलें आणि १९१८ सालीं, वयाच्या अवघ्या २५ व्या वर्षीं, तो त्या जागेवर निवडून आला.

ज्या खुर्चीवर इतर लोक आंकड्यांचे कागद चाळीत बसत, तिचें त्यानें व्यासपीठ केलें. स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या ताब्यांत तेलाचे नळ होते. तिनें लहान उत्पादकांचें तेल वाहून नेण्याचें नाकारलें, तेव्हां हे नळ सार्वजनिक वाहतुकीचें साधन ठरवून कमिशनच्या नियंत्रणाखालीं आणावे, असा आग्रह त्यानें धरला. त्याची मागणी न्याय्य होती. परंतु त्या लहान कंपन्यांत लाँगचे स्वतःचे भाग होते, हेंही सांगितलें पाहिजे. लोकांचें हित आणि स्वतःचा राग त्याच्या ठायीं असे एकत्र मिसळलेले होते कीं, कोणतें कोठें संपतें हें सांगणें कठीण.

१९२१ च्या नव्या घटनेनें मंडळाचें नांव पब्लिक सर्व्हिस कमिशन असें झालें आणि १९२२ सालीं लाँग त्याचा अध्यक्ष झाला. कंबरलंड टेलिफोन कंपनीस आधीं मिळालेल्या दरवाढीविरुद्ध त्यानें लढा दिला. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि अखेर हजारों गिऱ्हाइकांस कंपनीनें जास्त घेतलेले पैसे परत मिळाले. ज्याच्या हातीं तो परताव्याचा कागद पडला, तो लाँगचें नांव कसें विसरणार? शंभर भाषणांनीं जें साधलें नसतें, तें या एका निकालानें साधलें.

१९२४ सालीं गव्हर्नरच्या निवडणुकींत तो तिसरा आला. पण त्याच वर्षीं कमिशनवर मोठ्या बहुमतानें पुन्हां निवडला गेला, आणि १९२८ सालीं गव्हर्नरही झाला. शाळांतील मुलांस मोफत पाठ्यपुस्तकें, पक्के रस्ते व पूल, प्रौढांस अक्षरज्ञान, हीं त्याचीं कामें खरीं होतीं व लोकांच्या उपयोगाचीं होतीं. १९२९ सालीं शुद्ध केलेल्या तेलावर पिंपामागें ५ सेंट कर बसविण्याची सूचना त्यानें आणतांच विरोधक एकवटले आणि कनिष्ठ सभागृहानें त्याच्यावर महाभियोग आणला. ३९ जणांच्या सेनेटमध्यें दोषी ठरविण्यास दोनतृतीयांश मतें लागत. १५ सभासदांनीं पुरावा कांहींही असो, आपण दोषी ठरविणार नाहीं, असें आधींच लिहून दिलें, आणि खटला संपला.

येथून त्याच्या कारकीर्दीचा रंग पालटला असें आम्हांस वाटतें. १९३२ मध्यें तो वॉशिंग्टनला सेनेटर म्हणून गेला, तरी लुईझियानाचीं सूत्रें त्याच्याच हातीं राहिलीं. १९३४ सालीं त्यानें संपत्तीच्या वांटणीची चळवळ सुरू करून प्रेसिडेंट रूझवेल्ट यांसही आव्हान दिलें. आणि त्याच काळांत संस्थानच्या कायदेमंडळाच्या खास बैठकी भरवून शिक्षकांच्या नेमणुका, पोलीस, निवडणुकीचे अधिकारी, सर्व कांहीं आपल्या मुठींत आणलें. सरकारी नोकरांच्या पगारांतून पक्षासाठीं पैसे कापले जात, त्यांचा हिशेब कोणासही दाखविला जात नसे. ८ सप्टेंबर १९३५ रोजीं, स्वतःच उभारलेल्या ३४ मजली राज्यभवनांत त्याच्यावर गोळी झाडली गेली आणि दोन दिवसांनीं तो मरण पावला. पुढें १९३९ सालीं त्याच्या अनुयायांचे घोटाळे उघडकीस आले, आणि लेश नांवाच्या माजी गव्हर्नरास तुरुंगांत जावें लागलें.

ज्यानें कंपन्यांना हिशेबाच्या वह्या उघडावयास लावल्या, त्यानेंच आपली वही बंद ठेवली. यांत लाँगचा स्वभाव तर आहेच. पण त्या पदाच्या रचनेचाही यांत वांटा आहे. दर ठरविणारा मनुष्य लोकांनीं निवडावयाचा, तर लोकप्रियतेचा मोह त्यास सुटत नाहीं. सरकारनें नेमावयाचा, तर सरकारची व कंपनीची मर्जी सांभाळण्याचा धोका राहतो. लुईझियानांत लाँगची वाट पुढेंही चालू राहिली: जिमी डेव्हिस, जॉन मॅकीथन आणि २००४ सालीं गव्हर्नर झालेल्या कॅथलीन ब्लँको, हे सर्व आधीं याच कमिशनचे सभासद होते. त्या पायरीवर चढणें वाईट नव्हे. पण तेथें बसलेल्याचा निर्णय कारणांसह, आंकड्यांसह उघडपणें मांडला जावा, आणि त्यास आव्हान देतां यावें, एवढें तरी आपण मागितलेंच पाहिजे. बिलांतील रक्कम कमी झाली म्हणून समाधान मानणारा नागरिक, ती कोणी व कशी कमी केली हें विचारीत नसेल, तर उद्यां ती वाढविणाराही त्यास उत्तर द्यावयास बांधलेला राहणार नाहीं.