चेटकीण म्हणवून घेणारी माणसे

शिवी म्हणून फेकलेला शब्द ज्याच्यावर फेकला त्यानेच उचलावा आणि आपल्या दारावरच्या पाटीवर लिहावा, असे क्वचित घडते. इंग्रजीत 'विच' असा एक शब्द आहे. आपण त्याला चेटकीण म्हणतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात हा शब्द ज्याला चिकटे त्याची वाट फाशीच्या खांबाकडे जाई. आज त्याच देशात, चारचौघांसारखा नोकरीधंदा करणारी माणसे हा शब्द आपल्या धर्माचे नाव म्हणून सांगतात. २०२१ च्या शिरगणतीत इंग्लंड आणि वेल्स मिळून सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म 'पेगन', म्हणजे ख्रिस्तपूर्व जुन्या देवदेवतांना मानणारा, असा लिहिला, आणि सुमारे १३ हजारांनी 'विक्का' असा लिहिला. विक्का हाच तो चेटक्यांचा पंथ. त्यांत पुरुषही आहेत आणि बायकाही आहेत.

हे झाले कसे, ते समजायला थोडे मागे जावे लागेल.

युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकापर्यंत चेटकाच्या आरोपावरून चाळीस ते साठ हजार माणसे मारली गेली, असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे. कुठे कुठे नव्वद लाखांचा आकडा वाचायला मिळतो. तो अठराव्या शतकातल्या एका चुकीच्या हिशेबातून आला. शिक्षक मंडळींनी तो मुलांना सांगू नये. आणखी एक गोष्ट अशीच. इंग्लंडात चेटकिणींना जाळीत, असे आपण समजतो. इंग्लंडात त्यांना फाशी देत. जाळीत ते स्कॉटलंडात आणि जर्मन मुलखांत. आरोप व्हायचे ते मात्र सगळीकडे सारखेच असत. गाय आटली, लोणी निघेना, मूल खंगले, की गावातली एखादी गरीब, एकटी, तोंडाने फटकळ म्हातारी लोकांना आठवायची.

पुढे शहाण्या लोकांचा विश्वास उडू लागला. १७१२ साली जेन वेनम नावाच्या बाईवर खटला चालला. ही बाई हवेतून उडते, असे कोणी तरी कोर्टात सांगितले, तेव्हा न्यायाधीश पॉवेल म्हणाले म्हणे, की उडायला कायद्याची मनाई नाही! पंचांनी तिला दोषी ठरवले खरे, पण राणीने माफी दिली. आणि १७३५ साली पार्लमेंटाने नवा कायदा करून चेटकाचा गुन्हाच पुसून टाकला. यापुढे 'अमका चेटूक करतो' म्हणून कोणावर खटला भरता येणार नव्हता. चेटूक येते असे ढोंग करून लोकांना फसवणाऱ्याला मात्र वर्षभर कैद आणि बाजारात खोड्यात उभे राहण्याची शिक्षा ठेवली.

कायदा झाला लंडनला. गावाला तो कळायला उशीर लागला. सोळा वर्षांनंतरची, १७५१ ची हकिगत आहे. हर्टफर्डशायर परगण्यात ट्रिंग नावाचे गाव आहे. तिथे रूथ ऑसबर्न नावाची म्हातारी एका गवळ्याकडे ताक मागायला गेली. त्याने दिले नाही. ती काही तरी पुटपुटत परत गेली. पुढे त्याची वासरे आजारी पडली. आता ताकाचा आणि वासरांचा मेळ घालायला गावाला कितीसा वेळ लागणार? एप्रिल महिन्यात आसपासच्या बाजारगावांत चक्क दवंडी पिटली गेली, की सोमवारी ट्रिंगला दोघा दुष्टांना लोकांसमक्ष पाण्यात बुडवणार. गावच्या अधिकाऱ्यांनी म्हातारीला आणि तिच्या नवऱ्याला आधी गरीबखान्यात आणि मग रात्रीतून चर्चमध्ये नेऊन लपवले. जमावाने गरीबखाना फोडला, जाळून टाकण्याची धमकी दिली. शेवटी दोघे जमावाच्या हाती पडलीच. तळ्यावर नेऊन त्यांना बुडवले. थॉमस कॉली नावाचा धुराडी झाडणारा माणूस काठीने म्हातारीला पाण्यात ढोसत होता. तमाशा दाखवल्याबद्दल तो लोकांत फिरून पैसेही गोळा करीत होता, बरं का! म्हातारी मेली. सरकारने कॉलीवर खुनाचा खटला भरला आणि ऑगस्टात त्याला फाशी दिले. लोक लांब उभे राहून कुरकुरले. म्हणाले, एका दुष्ट थेरडीपायी बिचाऱ्याचा जीव घेतला.

ही हकिगत ऐकताना आपल्यापैकी कित्येकांना आपल्याकडच्या डाकिणी आठवल्या असतील. एखादी बाई करणी करते असे ठरवून तिचा छळ करणे हा वेगळा गुन्हा मानणारा कायदा आपल्या महाराष्ट्रात २०१३ साली झाला. त्याच वर्षी, त्याच्या आधी, त्या कायद्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. इतके बोलून मी पुन्हा विलायतेकडे वळतो, कारण तिथली पुढची गोष्ट निराळी आहे.

१७३५ चा तो कायदा पुढे दोनशे वर्षे कागदावर राहिला. १९४४ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, हेलन डंकन नावाच्या स्कॉटिश बाईला त्याच कायद्याखाली नऊ महिन्यांची शिक्षा झाली. मेलेल्या माणसांचे आत्मे आपण दाखवतो, असे ती म्हणे. तिला 'शेवटची चेटकीण' म्हणतात ते चूक आहे. तिच्यावर आरोप ढोंगाचा होता. पंतप्रधान चर्चिल मात्र संतापले. असल्या जुनाट खुळासाठी सरकारी पैसा का खर्ची घातला, अशी चिठ्ठी त्यांनी गृहमंत्र्यांना पाठवली. १९५१ साली तो कायदा रद्द झाला.

आणि कायद्याचे झाकण निघताच एक गृहस्थ पुढे आले. त्यांचे नाव जेराल्ड गार्डनर. लंकेत चहाच्या मळ्यांवर, मलायात रबराच्या मळ्यांवर आणि मग तिथल्या सरकारी नोकरीत त्यांची हयात गेली. मलायी खंजिरांवर त्यांनी एक पुस्तकही लिहिले होते. पेन्शनीत इंग्लंडला परतल्यावर, १९३९ साली, न्यू फॉरेस्ट भागात आपल्याला जुन्या चेटक्यांची एक मंडळी भेटली आणि तिने आपल्याला दीक्षा दिली, असे ते सांगत. कायदा असेपर्यंत त्यांनी कादंबरीच्या आडून लिहिले. १९५४ साली 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक उघड काढले. विक्का पंथ जगापुढे आला तो तेव्हापासून.

या पंथात देव आहे आणि देवीही आहे. वर्षात आठ सण. ते सूर्याच्या आणि ऋतूंच्या फेऱ्यावर बसवलेले. पौर्णिमेची पूजा आहे, मंत्रतंत्र आहेत, आणि कोणाला इजा करू नये असा नेम आहे. गार्डनरांच्या मंडळीत पूजा विवस्त्र होऊन करीत. वर्तमानपत्रांना एवढे पुरेसे होते. सैतानाची पूजा करतात ही ओरड तेव्हापासूनची आहे. वास्तविक सैतान हा ख्रिस्ती कल्पनेतला. ज्यांच्या देवमंडळात तो नाहीच, ते त्याची पूजा कशी करणार?

आता गार्डनरांच्या दाव्याकडे पाहू. हा धर्म ख्रिस्तपूर्व काळापासून गुपचूप चालत आला आणि ज्यांना फाशी दिले ते याच धर्माचे लोक होते, असे ते म्हणत. हा विचार त्यांनी मार्गारेट मरे या विदुषींच्या १९२१ च्या पुस्तकातून घेतला. या बाई जन्मल्या आपल्या कलकत्त्याला. त्यांचे म्हणणे इतिहासकारांनी पुढे साफ खोडून काढले. रूथ ऑसबर्न कुठल्या गुप्त देवीची पुजारीण नव्हती. ती ताक मागणारी म्हातारी होती. १९९९ साली रोनाल्ड हटन या अभ्यासकांनी विक्का पंथाचा सविस्तर इतिहास लिहून दाखवून दिले, की तो विसाव्या शतकात घडला. फ्रीमेसन लोकांचे विधी, कवींच्या कल्पना, जुन्या जादूच्या पोथ्या यांच्यातून. गंमत पाहा, हे हटनही जन्मले हिंदुस्थानातच, उटकमंडला! पंथातल्या पुष्कळ जाणत्या लोकांनी त्यांचे म्हणणे मान्य केले. आपली वंशावळ खोटी ठरली हे कबूल करणे कुठल्याही पंथाला सोपे नसते, म्हणून मला याचे कौतुक वाटते.

मग धर्म अलीकडचा म्हणून त्याचा मान कमी धरायचा काय? मला विचाराल तर, पोथी किती जुनी हे इतिहासकाराने पाहावे. पोथी वाचणाऱ्या माणसाला त्रास होऊ नये, एवढे सरकारने पाहावे. ही दोन कामे एकात कालवली, की गोंधळ होतो.

तो गोंधळ झालाही. १९८० नंतर अमेरिकेत आणि मग ब्रिटनमध्ये अशी हूल उठली, की सैतानपूजक मंडळ्या मुलांचे हाल करतात. १९९१ साली ऑर्कनी बेटांवर पहाटे जाऊन नऊ मुले आईबापांपासून हिरावून नेली. एप्रिलात ती परत द्यावी लागली. पुढे सरकारने जीन ला फाँटेन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना अशा प्रकरणांचा तपास करायला सांगितले. मुलांवर अत्याचार होतात हे खरे आहे, पण त्यामागे सैतानपूजेचा पंथ असल्याचा पुरावा नाही, असे त्यांनी १९९४ साली कळवले. तोवर मात्र गळ्यात पाच टोकांची चांदणी घालणाऱ्याकडे लोक संशयाने पाहत होते.

अमेरिकेत तर हा प्रश्न राज्यसभेपर्यंत गेला. चेटूकपंथांना करमाफी नको, अशी दुरुस्ती सेनेटर जेसी हेल्म्स यांनी १९८५ साली आणली. सेनेटने ती मंजूरही केली. अंतिम कायद्यातून ती गळाली. पुढच्याच वर्षी व्हर्जिनियातल्या एका कैद्याच्या फिर्यादीत अपील कोर्टाने निकाल दिला, की हा धर्मच आहे. कैद्याला पूजेचा झगा आणि मेणबत्त्या मात्र तुरुंगाच्या सुरक्षिततेसाठी मिळाल्या नाहीत! १९९९ साली टेक्सासच्या फोर्ट हूड छावणीत विक्का सैनिकांची पूजा चालते म्हणून गवगवा झाला. त्या वेळचे टेक्सासचे राज्यपाल जॉर्ज बुश म्हणाले, चेटूक हा धर्म आहे असे मला वाटत नाही. लष्कराने पूजा चालू ठेवली.

खरी कसोटी लागली ती एका मृताच्या पाटीवर. सार्जंट पॅट्रिक स्ट्युअर्ट हा नेवाडा राज्याचा सैनिक सप्टेंबर २००५ मध्ये अफगाणिस्तानात हेलिकॉप्टर पाडले गेले तेव्हा मारला गेला. धर्म विक्का. अमेरिकेत सैनिकाच्या स्मारकावर त्याच्या धर्माचे चिन्ह सरकारी खर्चाने कोरतात. माजी सैनिकांच्या खात्याकडे ३८ चिन्हांची यादी होती. त्यात क्रूस होता, शिखांचा खंडा होता, देव न मानणाऱ्यांसाठीही एक चिन्ह होते. वर्तुळातली पाच टोकांची चांदणी नव्हती. विक्का लोक ती मागत होते १९९७ पासून. अर्जांना उत्तर मिळे, विचार चालू आहे. स्ट्युअर्टच्या पत्नीने चिन्हाविना पाटी घ्यायला नकार दिला. फर्नली गावच्या सैनिकी स्मशानातल्या भिंतीवर त्याची जागा वर्षाहून अधिक काळ कोरी राहिली.

नोव्हेंबर २००६ मध्ये कोर्टात दावा गेला. २३ एप्रिल २००७ रोजी खात्याने तडजोड जाहीर केली. यादीत ३९ वे चिन्ह आले आणि दाव्याच्या खर्चापोटी सरकारला २ लाख २५ हजार डॉलर भरावे लागले. पण फर्नलीची ती कोरी जागा त्याआधीच भरली होती. दिल्ली सरकारची वाट न पाहता एखाद्या राज्याने आपल्यापुरते करावे, तसे नेवाडा राज्याने केले. वॉशिंग्टनचा होकार यायच्या चार महिने आधी, डिसेंबरात, राज्याने आपली पाटी करवून घेतली आणि चांदणीसह ती तिथे बसवली.