जळकें तेल आणि मालवणचा किनारा

सिंधुदुर्गाच्या बांधणीस 1664 सालीं प्रारंभ झाला. त्याच्या पायाचे चिरे शिशाच्या रसांत बसविले, ही परंपरा श्रोत्यांच्या कानांवरून गेली असेलच. पुढें शिसें या किनाऱ्यावर निराळ्याच वाटेनें आलें, तें मोटारीच्या बॅटरींतून. गडाचें शिसें दगडांत बंदिस्त राहिलें. फुटक्या बॅटरीचें मात्र गंधकाम्लासह मातींत उतरतें.

मोटारी आल्या तेव्हां त्यांच्या मागें काय उरेल, याचा विचार फारसा कोणी केला नाहीं. टायरांच्या चपला होत, आणि जळकें तेल वाळवी लागूं नये म्हणून वाशांना फांसलें जाई. काटकसर म्हणून हें शोभण्यासारखेंच. परंतु त्या काळ्या तेलांत यंत्राच्या झिजेचे धातुकण व काजळी असते.

कोंकणांत हा प्रश्न बिकट होण्याचें कारण जमिनींतच आहे. जांभा हा सच्छिद्र खडक. वर ओतलेलें तेल पावसाच्या पाण्याबरोबर खालीं झिरपतें आणि शेजारच्या विहिरीची वाट धरतें. उरलेलें ओहोळांतून, खाडींतून समुद्रास मिळतें; आणि येथला समुद्र म्हणजे 1987 सालीं सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेला, प्रवाळांचा. मच्छीमार होड्यांना इंजिनें बसलीं तेव्हांपासून तर कित्येकदां तेलाला खाडीपर्यंत जाण्याचेहि श्रम उरले नाहींत.

वास्तविक वंगण तेल जळून संपत नाहीं, तें मळतें. त्यांतील पाणी व इंधन उडवून, निर्वात ऊर्ध्वपातनानें तें पुन्हां वापरण्याजोगें करतां येतें. मात्र तें निराळ्या डब्यांत सांठविलें पाहिजे. त्यांत ब्रेक-ऑइल किंवा रेडिएटरचें पाणी मिसळलें कीं शुद्धीकरण कठीण होऊन बसतें.

नौदलांतून 12 जानेवारी 2024 रोजीं निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवतीच्या खडकाजवळ बुडवून पाण्याखालीं संग्रहालय करण्याची योजना महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें हातीं घेतली. अशी नौका बुडविण्यापूर्वीं तिच्या टाक्यांतील इंधन व वंगण उपसून काढावें, हा जगभरचा दंडक आहे.

मोटारींच्या बाबतींत कायदा सावकाश आला. घातक कचऱ्याचे नियम 1989 चे. जुनी बॅटरी विक्रेत्यानें परत घ्यावी, हा नियम 2001 चा. वापरलेल्या तेलाचें दायित्व उत्पादकांवर आलें तें 1 एप्रिल 2024 पासून. बॅटरीला मोल मिळतें, म्हणून ती बहुधा परत जाते. तेल लहान गॅरेजांत थोडें थोडें निघतें; तें नेणारी गाडी मालवणच्या आडगल्लीपर्यंत पोंचेतों तेथें झांकणाचा एक डबा व तो ठेवण्यास सावलीची जागा लागते.