विंचूदंश चिकित्सेचा इतिहास आणि डॉ. हिम्मतराव बावस्कर : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

दि. १ मे १९९९ रोजी परभणीपासून विभक्त झालेला हिंगोली जिल्हा कृषिप्रधान आहे. हळद व कापसाच्या रानात राबणाऱ्या येथील शेतमजुरास विंचूदंश नवा नाही. पैठणच्या संत एकनाथांनी भारुडात विंचवास रूपक केले. प्रत्यक्षात मात्र दंशानंतर 'विंचू उतरविण्यासाठी' मांत्रिकाचे दार गाठण्याची रीत होती. काळ्या विंचवाच्या दंशाच्या वेदना बहुधा आपोआप ओसरतात. त्याचे श्रेय मंत्रास मिळे. लाल विंचवापुढे मात्र हे श्रेय टिकत नसे.

या प्रश्नाचे वैद्यकीय उत्तर मराठवाड्यातच जन्मलेल्या एका डॉक्टराने कोकणात शोधले, ही बाब अभ्यासकांच्या फारशी लक्षात आलेली नाही. हिम्मतराव साळूबा बावस्कर यांचा जन्म १९५१ साली देहेड (ता. भोकरदन, आज जि. जालना) येथे झाला. तेव्हा हे गाव आणि हिंगोली, दोन्ही हैदराबाद राज्यात होती. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर १९७६ मध्ये ते रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. आपत्कालीन वैद्यकाच्या एम.डी. अभ्यासक्रमास भारतात मान्यता मिळाली ती २००९ मध्ये. म्हणजे विषबाधेचे हे तज्ज्ञ त्या शाखेच्या पदवीविना घडले.

बिरवाडीत लाल विंचवाने दंश केलेले रुग्ण येत. उलट्या, भरपूर घाम, थंडगार हातपाय आणि पुढे फुप्फुसात पाणी साठून मृत्यू, असा क्रम त्यांनी रुग्णाच्या खाटेशी बसून नोंदविला. हृदयविकाराची पूर्वचिन्हे सांगणारा त्यांचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. विषामुळे शरीरात कॅटेकोलामाइन्स मोठ्या प्रमाणात स्रवतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदयावर भार येतो. हा आकुंचनाचा मार्ग रोखणारे औषध म्हणजे प्राझोसिन, मुळात रक्तदाबावरील गोळी. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी महाडमधून केलेले या उपचाराचे निवेदन १९८६ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केले. त्यांच्या नोंदींनुसार गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले.

ग्रामीण जिल्ह्याच्या दृष्टीने येथे गोळीचे स्वरूप महत्त्वाचे ठरते. ती स्वस्त आहे, तोंडावाटे देता येते, अतिदक्षता विभागाची वाट पाहत नाही. हिंगोली, कळमनुरी वा सेनगावच्या आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यास ती पहिल्या तासातच देता येते. प्रतिविषाने तिची जागा घेतली नाही, सोबत केली. २०११ मध्ये 'बीएमजे'त प्रसिद्ध झालेल्या बावस्कर दाम्पत्याच्या चाचणीत ७० रुग्ण होते. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्यांपैकी ९१.४ टक्के रुग्ण दहा तासांत बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्यांत हे प्रमाण २२.९ टक्के होते. २०२२ मध्ये शासनाने डॉ. बावस्करांना पद्मश्री जाहीर केली, तेव्हा त्यांच्या बिरवाडीतील पहिल्या नोंदींना चार दशकांहून अधिक काळ लोटला होता.