पैनगंगेच्या खोऱ्यातील वाटा आणि सायकल

नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगरच्या उत्तरेला आणि पूर्वेला पैनगंगा नदी नांदेड आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांची हद्द आखत वाहते. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली ही नदी वाशिम आणि हिंगोलीतून येते. हिमायतनगरपासून पुढे तिचे पात्र काळ्या खडकात खोल उतरू लागते. इस्लापूरजवळ सहस्रकुंड येथे ती अनेक धारांनी कड्यावरून कोसळते, मग खडकाच्या अरुंद घळीतून किनवट आणि माहूरच्या डोंगराळ जंगलाकडे वळते. पावसाळ्यात हा मुलूख हिरवागार असतो. फेब्रुवारीनंतर साग निष्पर्ण होतो, ओढे आटतात, तापलेला खडक उघडा पडतो आणि जूनपर्यंत सगळा प्रदेश वाळवंटासारखा दिसू लागतो. मराठवाड्यात डोंगरी सायकल चालवण्याजोगा घळींचा आणि कड्यांचा मुलूख शोधायचा, तर इतका सलग प्रदेश दुसरीकडे क्वचितच सापडेल.

येथील खडक बेसाल्टचा आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून दख्खनचे पठार बनले. या थरांची कठीणता सारखी नसते. मऊ थर झिजतो, कठीण थर तसाच उभा राहतो आणि नदीच्या वाटेत पायरी तयार होते. सहस्रकुंडचा धबधबा अशाच पायरीवर आहे. नदी आणखी पूर्वेला गेली की लाव्हाखालचे कितीतरी जुने चुनखडक उघडे पडतात. भूशास्त्रात त्यांना याच नदीवरून ‘पैनगंगा गट’ असे नाव आहे. बेसाल्ट झिजून दोन प्रकारची जमीन होते. उतारावर तांबूस-पिवळा मुरूम आणि सखल भागात काळी कापसाची माती. वाटेवर चालणाऱ्या प्रत्येकाला हा फरक माहीत असतो. मुरुमावर पाऊस पडून गेला की तासाभरात पाय घट्ट टेकतो. काळ्या रानात मात्र बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतते आणि सायकलच्या मडगार्डात चिखल बसून चाक फिरेनासे होते. म्हणूनच या भागातल्या जुन्या वाटा सखल काळी टाळून मुरुमाच्या धारेने गेलेल्या दिसतात.

या वाटा पाडण्यात बंजारा समाजाचा वाटा मोठा आहे. रेल्वे येण्यापूर्वी दख्खनमधील धान्य आणि मीठ लांब पल्ल्यावर नेण्याचे काम लमाणांचे तांडे करत. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून चालणाऱ्या या व्यापाराला लदेणी म्हणत. लदेणीच्या बैलाला रस्ता लागत नाही. त्याला चारा, पाणी आणि पाय टिकेल अशी जमीन लागते. त्यामुळे या वाटा पाणवठ्यापासून पाणवठ्यापर्यंत जातात आणि नदी जिथे पसरट, खडकाळ, उथळ असते तिथेच ती ओलांडतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने लदेणी मोडीत काढली. तांडे स्थिरावले आणि शेती करू लागले. हिमायतनगर, किनवट, उमरखेड, पुसद या पट्ट्यात आजही तांड्यांची वस्ती दाट आहे. एका तांड्यापासून दुसऱ्या तांड्याकडे जाणाऱ्या पायवाटांचा माग काढत गेले, तर कित्येकदा नदीचा उतारच गाठला जातो.

दुसरी वर्दळ यात्रेकरूंची होती. माहूरला रेणुकामातेचे मंदिर आहे. दत्तशिखर आणि अनसूयेचे स्थानही तिथेच आहे. खुद्द हिमायतनगरात परमेश्वराचे देवस्थान असून महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. हिमायतनगर हे नाव निजामी काळातले. त्या आधीचे वाढोणा हे नाव जुन्या माणसांच्या बोलण्यातून अजून गेलेले नाही. माहूरकडे पायी जाणाऱ्या भाविकांनी किनवटच्या जंगलातल्या वाटा वर्षानुवर्षे मळलेल्या ठेवल्या.

मात्र या खोऱ्याच्या इतिहासाला निर्णायक वळण लागले ते 1853 मध्ये. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने त्या वर्षीच्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. 1902 मध्ये हा ताबा कायमच्या भाडेपट्ट्यात बदलला. वऱ्हाडवर निजामाचे नाव कागदोपत्री राहिले, कारभार इंग्रजांचा झाला आणि पैनगंगा दोन राजवटींची सीमा बनली. एका काठावर निजामाचा हाली शिक्का चाले, दुसऱ्या काठावर इंग्रजांचा कलदार रुपया. सहा कलदारांना साधारण सात हाली असा भाव असे. निजामाच्या राज्याचे टपाल वेगळे होते आणि जकातही वेगळी होती. जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत. नदीच्या उतारांजवळ आणि रस्त्यांवर करोडगिरीची नाकी असत. पलीकडच्या गावी लेक दिलेल्या माणसालाही येता-जाता तिथे आपले गाठोडे सोडून दाखवावे लागे. मुख्य उतारांवर नाकी बसल्यावर आडवाटांना महत्त्व आले. नाके चुकवून माल नेणारे आणि त्यांना पकडणारे शिपाई या दोघांच्याही पायांनी घळीतल्या त्या वाटा पक्क्या झाल्या.

विसाव्या शतकात कापसाने नवी वाहतूक आणली. हिमायतनगर, भोकर, उमरी या भागातला कापूस जिनिंगला आणि नांदेडच्या उस्मानशाही मिलला जाऊ लागला. त्यासाठी बैलगाडीच्या रुंदीचे रस्ते हवे होते. निजामाच्या राज्य रेल्वेने मुदखेडहून भोकर, हिमायतनगर, किनवटमार्गे आदिलाबादकडे मीटरगेजचा फाटा नेला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो रुंद झाला. या फाट्यावर सहस्रकुंड नावाचे एक लहान स्थानकही आहे. रेल्वेमुळे लांबचा माल रुळांवर गेला. आसपासच्या गावांपासून स्थानकापर्यंतचे गाडीरस्ते मात्र जास्त वाहते झाले. नकाशा पाहिला तर हिमायतनगरपासून असे रस्ते चारी दिशांना फुटलेले दिसतात.

हैदराबाद मुक्तिसंग्रामात पैनगंगेची हीच सीमा रणांगण झाली. 1947 ते 1948 या काळात स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी भारतीय हद्दीत सरहद्दीलगत छावण्या उभारल्या. वऱ्हाडातील उमरखेड हे त्यांपैकी एक ठिकाण होते. तिथून नदी ओलांडून रझाकार आणि निजामी पोलिसांशी झुंजी होत आणि करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले होत. 30 जानेवारी 1948 रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लढ्याच्या निधीसाठी लुटण्यात आली. त्या रकमेचा चोख हिशोब ठेवला गेला, ही गोष्ट मराठवाड्यात आजही अभिमानाने सांगितली जाते. याच भागातल्या वायपन्याचे जयवंतराव पाटील या लढ्यात हुतात्मा झाले. हिमायतनगरच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. ज्यांना चोरवाटा, पाण्याच्या जागा आणि रात्री ओलांडता येणारे उतार ठाऊक होते, त्या गावकऱ्यांच्या आणि गुराख्यांच्या मदतीशिवाय सरहद्दीवरचे हे काम होणे शक्य नव्हते. त्यांची नावे फारशी नोंदली गेली नाहीत, ही या इतिहासातील मोठी उणीव आहे.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. प्रशासकीय हद्द मात्र लगेच बदलली नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याने आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल मराठी मुलखाला जोडले गेले. सहस्रकुंडचे दोन्ही काठ त्यामुळे एका राज्यात आले. एका लहानशा सर्कलचा कायद्यात स्वतंत्र उल्लेख व्हावा, यावरून हा सीमाप्रश्न किती बारकाईने हाताळला गेला ते कळते.

सायकल या मुलखात आली ती रेल्वेच्या आणि सरकारी नोकरांच्या मागोमाग. दुसऱ्या महायुद्धापूर्वी भारतात विकल्या जाणाऱ्या रॅले, हंबर, हर्क्युलस, बीएसए या सायकली इंग्लंडहून येत. मास्तर, टपालवाला किंवा कापसाचा दलाल यांनाच त्या परवडत. देशी कारखाने उभे राहिल्यावर चित्र पालटले. मद्रासला 1949 मध्ये टीआय, सोनीपतला 1951 मध्ये अ‍ॅटलस आणि लुधियानाला 1956 मध्ये हीरो सुरू झाली. साठ-सत्तरच्या दशकांत तालुक्याच्या प्रत्येक बाजारात तासाच्या भाड्याने सायकल देणारे दुकान दिसू लागले. बावीस किंवा चोवीस इंची काळी सायकल, मागे लोखंडी कॅरिअर आणि चाकाला घासणारा डायनॅमो, असे तिचे रूप ठरलेले होते. पाय सीटवरून पोहोचत नाहीत अशी पोरे दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकली. कॅरिअरवर दुधाच्या कॅन, सरकीच्या पेंडीचे पोते, शाळेत जाणारी दोन भावंडे, काहीही वाहिले गेले. अनेक नगरपालिका सायकलवर वार्षिक कर घेऊन पत्र्याचा बिल्ला देत. रात्री दिवा नसेल तर पोलीस अडवत.

या सायकलीला खडकाळ वाटेवर टिकवून धरले ते सायकल मिस्त्रींनी. बाभळीचा काटा हा येथील टायरचा पहिला शत्रू. ट्यूब पाण्याच्या टोपल्यात बुडवून भोक शोधायचे, कानशीने घासून सोल्युशन लावायचे, ठिगळ दाबायचे, हे काम हिवाळा-उन्हाळ्यात दिवसभर चाले. दगडावर आपटून वाकलेल्या चाकाचा आऊट काढणे हे त्याहून अवघड. चाक चिमट्यात फिरवत, एकेक तार आवळत वा सैल करत रिम सरळ आणायची असते आणि त्यासाठी नजर लागते. धूळ शिरलेल्या हबचे छर्रे रॉकेलमध्ये धुऊन ग्रीस भरून पुन्हा बसवले जात. डोंगरी सायकलीचे नाव ऐकण्याच्या कितीतरी आधी या मिस्त्रींनी साध्या सायकलीला डोंगरात चालण्याजोगे ठेवले होते. या कसबाची नोंद मराठीत फार थोडी झाली आहे.

खास डोंगरासाठी बनलेली सायकल मात्र अमेरिकेत घडली. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुण तीस-चाळीसच्या दशकांतल्या जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन माउंट टॅमलपायसवर वणवा विझवण्यासाठी केलेल्या कच्च्या रस्त्यांवरून उतरत. 1976 मध्ये तिथे सुरू झालेल्या उताराच्या शर्यतीचे नाव रिपॅक. एका उतरणीतच हबमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव. जो ब्रीझ याने 1977 मध्ये या कामासाठी नवी चौकट घडवली. 1979 मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकली विकायला सुरुवात केली आणि 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले.

वाळवंटी घळींत सायकल नेण्याची प्रथा रुजली ती युटा राज्यातील मोआब गावी. तेथील खडक वालुकाश्माचा आहे. 1950 च्या दशकात युरेनियमच्या शोधासाठी कड्यांच्या काठाने कच्चे रस्ते कोरले गेले. त्यांतलाच सुमारे 160 किलोमीटरचा व्हाइट रिम रस्ता पुढे कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानात गेला. उघड्या खडकावरून जाणारी प्रसिद्ध स्लिकरॉक वाट 1969 मध्ये मोटारसायकलस्वारांसाठी आखली होती. युरेनियमचा धंदा बसला आणि खाणीतले काम सुटलेल्या एका घरच्या भावांनी 1983 मध्ये गावात सायकलचे दुकान काढले. त्यानंतर शनिवार-रविवारच्या सहलींसाठी लोक लांबून तिथे येऊ लागले. मोआबच्या वाटा युरेनियमने पाडल्या, पैनगंगेच्या लदेणीने, कापसाने आणि करोडगिरीने. सायकलला त्या दोन्हीकडे आयत्या मिळाल्या.

रखरखीत प्रदेशात लांब सायकल मारण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईहून 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे मेसोपोटेमिया आणि सिनाईची वाळवंटे पार करत 1928 मध्ये फेरी पूर्ण करून परतले. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत जोडीने पुरी केली. 2017 मध्ये लष्करातील डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. या शर्यतीचा पश्चिमेकडचा टप्पा वाळवंटातून आणि लाल खडकांच्या मॉन्युमेंट व्हॅलीतून जातो.

नांदेड जिल्ह्याच्या गावांत जाड टायर आणि सरळ हँडलची सायकल नव्वदच्या दशकात पोहोचली. हीरोची ‘रेंजर’ हे नाव तेव्हा अशा प्रत्येक सायकलीला चिकटले. गिअरच्या आणि सस्पेन्शनच्या सायकली नंतर आल्या. त्यासोबत आठवडाअखेरची फेरीही आली. हिमायतनगरहून सहस्रकुंड आणि परत हा एका दिवसात होण्याजोगा पल्ला आहे. किनवट-माहूरकडे जायचे तर एक मुक्काम लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पावसाळ्यात धबधबा भरात असतो, पण काळ्या मातीच्या वाटा बंद होतात आणि ओल्या बेसाल्टवर चाक सटकते. वरच्या अंगाला इसापूर धरण झाल्यापासून पावसाळ्यानंतरचे नदीचे पाणी धरणाच्या विसर्गावर अवलंबून असते. जुने उतार त्यामुळे कधी कोरडे, तर कधी अचानक भरलेले सापडतात. नदीच्या दोन्ही अंगांना पैनगंगा अभयारण्याचे जंगल आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय वाट सोडून जाता येत नाही.

जुन्या वाटांचे अस्तित्व शेवटी महसुली नकाशावर टिकून आहे. गाव नकाशात पायवाट एका तुटक रेषेने आणि गाडीरस्ता दोन तुटक रेषांनी दाखवलेला असतो. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट, तर गाडीरस्त्याची साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. प्रत्यक्षात बांध कोरून शेते वाढवल्यामुळे अनेक वाटा बुजल्या आहेत. अडवलेली वाट मोकळी करण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 नुसार तहसीलदारांना आहे. 2021 मध्ये सुरू झालेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजनेतून काही गाडीरस्त्यांवर खडी आणि मुरूम पडला. ज्या पायवाटा नकाशावर कधी चढल्याच नाहीत, त्यांत तांड्यांच्या वाटा आणि चोरवाटाही कित्येक येतात. त्यांना नकाशाचा आधार नाही. त्या कुठून कुठे जातात हे सांगू शकणारी पिढी आता वयाच्या ऐंशीच्या पुढे आहे. गावोगावच्या शाळा आणि महाविद्यालये त्यांच्याकडून या वाटा नकाशावर उतरवून घेऊ शकतात.